टेबलाखालचा परिग्रह

बीड शहरात सुभाष रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत तीन पिढ्यांचे एक घर आहे. खाली कापडाचे दुकान, वर माडी. माडीच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाड, आणि दिवाळीपूर्वी चुन्याचा हात फिरला नाही असे एकही वर्ष गेलेले नाही. पूर्वेकडच्या खोलीला घरात अजूनही सामायिकाची खोली असेच म्हणतात. एका कोनाड्यात आजींचे लोकरी आसन, मुहपत्ती, पुंजणी, माळ आणि दोन-चार जुनी पुस्तके असतात. समोरच्या भिंतीला लागून एके काळी दुकानातील मुनीमजींची उतरती पेटी होती. ती पेटी पुढे अडगळीत गेली आणि तिच्या जागी टेबल आले, ते नातवाचे.

नातू पुण्याच्या हिंजवडीत एका संगणक कंपनीत नोकरीला. २०२० च्या मार्च महिन्यात, टाळेबंदी जाहीर होण्याच्या दोन-तीन दिवस आधी, पाठीवर एक बॅग घेऊन तो नगरमार्गे बीडला आला. बॅगेत लॅपटॉप, त्याची एक वायर आणि चार दिवसांचे कपडे. पंधरा दिवसांत परत जाऊ, असा त्याचा हिशेब होता. त्या काळी सर्वांचेच हिशेब चुकले, तसा त्याचाही चुकला. पण हा चुकलेला हिशेब घराला मानवला. वडिलांना दुकानाच्या जीएसटीच्या कामात हात मिळाला, आईला जेवायला बसणारे एक माणूस वाढले, आणि आजींना पहाटे खोलीचे दार उघडताना आत कोणी तरी आहे ही सोबत मिळाली. कंपनीनेही घरून काम करण्याची मुभा वर्षामागून वर्षे वाढवत नेली.

पहिल्या वर्षी टेबलाखाली एकच वायर होती. दुसऱ्या वर्षी मोठा पडदा आला, त्याची एक वीजवाहिनी आणि एक चित्रवाहिनी. फायबरचे इंटरनेट आले, त्याची काचेची बारीक तार, तिचा डबा, डब्याचा ॲडाप्टर. वीज जाते म्हणून राउटरपुरता एक छोटा यूपीएस आला. बीड जिल्ह्याचे विजेशी असलेले नाते मोठे चमत्कारिक आहे. याच जिल्ह्यातील परळीला महाराष्ट्रातील एक जुने औष्णिक वीजकेंद्र. पण २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणीच नाही म्हणून तेथील संच थंड ठेवावे लागले. वीज कोळशाची असली तरी तिला पाणी लागते, हे येथील माणसाला शाळेत शिकावे लागत नाही. तेव्हा इन्व्हर्टर, त्याच्या वायरी, त्याचे बोर्ड ही या भागात चैन मानली जात नाही. प्रिंटर आला, हेडफोन आला, फोनचे दोन चार्जर आले, एक छोटा दिवा आला. प्रत्येक वस्तू गरजेचीच होती आणि प्रत्येक वस्तू आपले शेपूट घेऊन आली. भिंतीतील एकुलत्या एका प्लगपासून टेबलापर्यंत जमिनीवरून एक एक्स्टेंशन बोर्ड ओढलेला होता आणि त्याच्यापुढे सारा गुंता. मोठा भाचा त्या जागेला सापाचे बीळ म्हणत असे.

आजींचा दिनक्रम मात्र या कशानेही ढळला नव्हता. पहाटे साडेचारला उठून राई प्रतिक्रमण, नंतर सामायिक. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या त्या दोन घटिकांत त्या विजेच्या कोणत्याही वस्तूला स्पर्श करीत नाहीत. वीज सचित्त की अचित्त याविषयी संप्रदायासंप्रदायांत मतभेद आहेत आणि ते जाणकारांनी सोडवावेत. आजींच्या पुरता तो प्रश्न लहानपणीच सुटलेला आहे. तेउकायाच्या जिवांची विराधना टाळायची म्हणून खोलीत जाताना त्या दिवा लावत नाहीत. साठ वर्षे ज्या खोलीत पाऊल टाकले, तिथे दिवा हवा कशाला?

२०२४ च्या चातुर्मासात, श्रावणातल्या एका पहाटे, त्याच खोलीत आजींचा पाय जमिनीवरच्या वायरीत अडकला. रात्री उशिरापर्यंत काम करून नातवाने टेबल थोडे सरकवले होते आणि बोर्डाची वायर, जी एरवी भिंतीला चिकटून असे, ती हातभर अलीकडे आली होती. आजी उजव्या हातावर पडल्या. मनगटाचे हाड मोडले. इस्पितळात डॉक्टरांनी कशा पडलात म्हणून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अंधारात चालले होते, ईर्या सांभाळता आली नाही.” वायरीचे नावही त्यांनी काढले नाही. नातू शेजारीच उभा होता. त्याला कोणी बोलले नाही, आणि घरात कोणी बोलत नाही हेच त्याला अधिक लागले.

प्लास्टर सहा आठवड्यांचे होते. उजव्या हाताने माळ ओढता येईना, मुहपत्ती सुनेकडून बांधून घ्यावी लागे. पर्युषण तोंडावर आलेले. आजींनी डाव्या हाताने माळ सुरू केली. अक्षरही न बोलता ती गोष्ट घरात सर्वांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होती.

अशा वेळी आजकालचा तरुण जे करतो तेच त्याने केले: मोबाइल उघडला आणि वस्तू मागवल्या. वायरी नीटनेटक्या ठेवण्यासाठी जगात केवढा व्यापार उभा आहे, याची त्याला त्या रात्री प्रथम कल्पना आली. टेबलाच्या पोटाला अडकवायची जाळीची टोपली, वायरीभोवती गुंडाळायची काळी नळी, चिकटपट्टीच्या छोट्या क्लिपा, लोहचुंबकाचे पकडे, बोर्ड आत लपवायची लाकडी रंगाची पेटी, शंभर-शंभर नायलॉनच्या टायांची पुडकी. सव्वाचार हजार रुपये गेले. आठवडाभर दुकानात गिऱ्हाइकांच्या गाठोड्यांबरोबर पुठ्ठ्याची खोकी येत राहिली. वडिलांनी एकदाच विचारले, “वायरी कमी करण्यासाठी एवढं सामान आणलंस?” प्रश्न सरळ होता. त्यात टोमणा नव्हता, आणि त्याचे उत्तर नातवाकडे नव्हते.

चिकटपट्टीच्या क्लिपा पाच दिवस टिकल्या. गुळगुळीत तैलरंगाच्या भिंतीसाठी केलेली ती वस्तू. चुन्याच्या भिंतीला ती चिकटते म्हणजे फक्त चुन्याच्या सर्वांत वरच्या पापुद्र्याला चिकटते. पावसाळी ओलीत तो पापुद्रा सुटला आणि क्लिपा आपापला पोपडा घेऊन खाली पडल्या. बोर्ड लपवण्याची पेटी दिसायला सुबक होती, पण तिच्यात तीन ॲडाप्टर एकमेकांना चिकटून बसले. तिसऱ्या दिवशी झाकणाला हात लावला तर ते चांगलेच तापलेले. डोळ्यांआड केलेली उष्णता कमी होत नाही, उलट कोंडली जाते. आणि नायलॉनच्या टायांनी तर त्याला धडाच दिला. उत्साहाच्या भरात त्याने सगळ्या वायरींची एक मोळी केली, चौदा ठिकाणी आवळली, शेपटे कापून टाकली. दोन दिवसांनी पडद्याची वायर बदलायची वेळ आली. एक वायर काढण्यासाठी चौदाच्या चौदा गाठी कात्रीने तोडाव्या लागल्या आणि त्यात फोनच्या चार्जरच्या वायरीलाही कात्री लागली.

ही टाय मुळात घरासाठी जन्मलेलीच नाही. अमेरिकेत विमानांच्या कारखान्यात वायरींच्या जुड्या मेणाच्या दोऱ्याने हाताने बांधल्या जात. गाठी आवळून कामगारांच्या बोटांना घट्टे पडत. ते पाहून थॉमस अँड बेट्स या कंपनीतील मॉरस लोगन यांनी १९५८ साली या दातेरी पट्टीचे पेटंट घेतले. विमानातील जुडी एकदा बांधली की वर्षानुवर्षे सुटू नये, हाच तिचा गुण. दात पुढे सरकतात, मागे येत नाहीत. ज्या वस्तूचा न सुटणे हाच गुण, ती रोज बदलणाऱ्या टेबलावर वापरली की गुणाचाच दोष होतो. शिवाय कापलेल्या टायचे टोक सुरीसारखे धारदार राहते; टेबलाखाली हात घालणाऱ्याच्या मनगटावर ओरखडे ओढते. आणि तुटलेल्या चौदा टायांचा दुसरा काहीही उपयोग नाही, त्या फक्त कचरा.

आजी हे सारे पलंगावरून पाहत होत्या. एका दुपारी त्यांनी नातवाला जवळ बसवले आणि स्थानकात चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या महासतीजींची गोष्ट काढली. “त्या रोज दोन वेळा पडिलेहण करतात. प्रत्येक वस्त्र उलगडून, दोन्ही बाजूंनी पाहून, मग घडी. पात्रे पाहतात, आसन पाहतात. तुला माहीत आहे, त्यांना हे जमतं कसं?”

“कसं?”

“वस्तू मोजक्या आहेत म्हणून. जेवढं खांद्यावर घेऊन विहार करता येईल तेवढंच. तू आधी बांधायला निघालास. आधी काय काय आहे ते पाहा तरी.”

पाच समित्यांपैकी चौथी आदान-भांड-मात्र-निक्षेपणा समिती: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, पुंजून, जपून उचलावी व ठेवावी. पाठशाळेत नातवाने तिचे नाव पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते, बक्षिसात एक डबाही मिळवला होता. टेबलाखालच्या अंधाराशी तिचा काही संबंध असेल, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते.

रविवारी मेन स्विच बंद करून त्याने सर्व वायरी ओढून खोलीच्या मध्यभागी आणल्या. सतरा भरल्या. त्यांतील सहा वायरींचे दुसरे टोक कशालाच जोडलेले नव्हते. एक जुन्या टेलिफोनच्या मोडेमची, जो मोडेम तीन वर्षांपूर्वी गेला. दोन हरवलेल्या फोनच्या. एक बिघडलेल्या प्रिंटरची. उरलेल्या दोन कशाच्या होत्या हे त्यालाही आठवेना. बोर्डाच्या मागे धुळीची गादी, त्यात मेलेले पतंग, मुंग्यांची एक बारीक रांग, आणि इन्व्हर्टरच्या वायरीच्या आडोशाला, भिंत आणि बोर्ड यांच्या फटीत, वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी. पालीची.

येथे काम थांबले. पालीला घरात कोणी आवडीने ठेवत नाही, पण विजेच्या बोर्डाची ऊब तिला आवडते, हे प्रत्येक वायरमन जाणतो. अंडी कवचाने भिंतीला चिकटलेली. काढू गेले तर फुटणार. नातवाने पलंगाकडे पाहिले. आजींनी विचारले, “त्या कोपऱ्यात आज काम केलंच पाहिजे का?” तसे काही नव्हते. त्या बोर्डाचा पुरवठा बंद ठेवून इन्व्हर्टर तात्पुरता दुसऱ्या खोलीतील प्लगवर नेला गेला, फटीसमोर पुठ्ठ्याचा एक तुकडा आडवा ठेवला आणि टेबल चक्क माजघरात हलवले. जवळजवळ पावणेदोन महिने नातू माजघरात, फोडणीच्या वासात आणि कुकरच्या शिट्ट्यांत कंपनीच्या बैठका घेत होता. परदेशातील सहकाऱ्यांना शिट्टी कसली ते सांगावे लागे. कोजागरीच्या आदल्या दिवशी कवचे रिकामी सापडली. घरातील थोरांपैकी काहींना हा सर्व प्रकार अतिरेकी वाटला आणि त्यांनी तो तसा बोलूनही दाखवला. जाड भिंतींच्या घरात एवढे बोलणे चालतेच. परंतु ते दोन महिने फुकट गेले नाहीत. माजघरातल्या टेबलाला चार वायरींवर काम भागवावे लागले, आणि भागले. सतरापैकी खरी गरज कितीची, याचा हिशेब त्या चार वायरींनी सांगितला.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी पेठेतून वायरमन चाचा आले. या घराचे फिटिंग त्यांच्या वडिलांनी केले होते. त्यांनी प्रथम टेबलाकडे पाहिलेच नाही. जुना एक्स्टेंशन बोर्ड उलटा केला. पाठीमागे प्लास्टिक पिवळे पडून एका ठिकाणी तपकिरी झाले होते. “दादा, याच्यावर काय काय लावता?” लॅपटॉप, पडदा, राउटर, दिवा, अशी यादी झाली. “आणि?” मग आठवले: पाण्याची इलेक्ट्रिक किटली. घरात उकळलेलेच पाणी चालते; वर खोलीत काम करताना खाली स्वयंपाकघरात खेपा नकोत म्हणून नातवाने किटली टेबलापाशीच ठेवली होती.

हिशेब साधा आहे. लॅपटॉप पासष्ट वॅट, पडदा तीसच्या आसपास, राउटर बारा, दिवा दहा. सगळे मिळून सव्वाशेच्या आत. २३० व्होल्टवर सहा अँपिअरचा बोर्ड १३८० वॅट पेलतो, म्हणजे एवढा भार त्याच्या खिजगणतीतही नाही. किटली एकटी १५०० वॅटची. ती लागली की सहाच्या बोर्डावर साडेसहा अँपिअर जातात, आणि ते रोज तीन-चारदा. वायर गुंडाळून ठेवलेली असेल तर तिच्यातील उष्णतेला बाहेर पडायला वाट उरत नाही. नातू महिनाभर दिसण्याच्या पसाऱ्यामागे लागला होता. पसाऱ्यातले खरे विस्तवाचे ठिकाण हे होते, आणि वर ते एका सुबक पेटीत झाकून ठेवले होते. किटली त्याच दिवशी स्वयंपाकघरातील सोळा अँपिअरच्या प्लगवर गेली. वर तांब्या-भांडे आले.

चाचांनी जे सांगितले ते कोणत्याही घराला उपयोगी आहे. बोर्ड घेताना आयएसआय खूण पाहावी, प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ आणि वायरीसाठी आयएस ६९४ हे मानक छापलेले असते. बोर्ड जमिनीवर नको. फरशी पुसताना पाणी जाते आणि मुंग्या शिरतात. सतरंजीखालून वायर कधीही न्यायची नाही, पायाखाली आतली तार झिजते आणि ते दिसत नाही. विजेची वायर आणि इंटरनेटची वायर एका मोळीत बांधायची नाही. समोरासमोर आल्याच तर काटकोनात ओलांडू द्यायच्या. फायबरची तार काचेची आहे, ती कोपऱ्यात मुडपली तर आतला प्रकाश वळणावर बाहेर सांडतो आणि इंटरनेट मंद होते; तिला बांगडीएवढे वळण द्यावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांचा करणाऱ्याला त्यांनी जो शब्द वापरला तो येथे देता येत नाही. अर्थिंग तपासले, तीस मिलिअँपिअरवर तुटणारा सुरक्षा स्विच बसवायला लावला. त्याचे पैसे मात्र पुरते लागले आणि ते योग्यच होते.

आणि सर्वांत शेवटी, जुडीकडे पाहून ते म्हणाले, “बांधा, पण आवळू नका. वायरीला ढील पाहिजे. टेबल सरकलं तर वायर ताणली नाही पाहिजे.”

वाद झाला तो केसिंग पट्टीवरून. भिंतीतील प्लगपासून टेबलापर्यंत पीव्हीसीची पांढरी पट्टी स्क्रूने ठोकायची, वायर तिच्यात घालून वर झाकण बसवायचे, हे ठरले. चाचा म्हणाले, पट्टी खाली, फरशीच्या कडेने न्यायची, कोणाच्या डोळ्यात येत नाही. नातू म्हणाला, कमरेच्या उंचीवर. भिंतीच्या बरोबर मध्यातून पांढरी पट्टी जाणार म्हणजे खोली दवाखान्यासारखी दिसणार, असे चाचांचे म्हणणे, आणि दिसण्याच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. पण फरशीच्या कडेला पट्टी असली की तिच्यामागे धूळ साचते, जीव वस्तीला येतात, पुंजणी फिरत नाही. दुसरे एक कारण होते, ते नातवाने चाचांना सांगितले नाही. पट्टी कमरेच्या उंचीवर बसली.

झाकणाच्या पट्टीचा आग्रह मात्र चाचांचाच, आणि त्यामागे त्यांनी खजाना विहिरीचा दाखला दिला. बीडजवळची ही निजामशाही काळातील, सोळाव्या शतकातील विहीर. तिचे पाणी जमिनीखालच्या पाटाने शेतांकडे जाते, कोणतेही यंत्र न लावता. त्या पाटावर ठिकठिकाणी उघडी विवरे ठेवलेली आहेत, हवेसाठी आणि आत उतरून गाळ काढण्यासाठी. चारशे वर्षे ती टिकली याचे श्रेय जितके पाट झाकणाऱ्याला, तितकेच उघडायला जागा ठेवणाऱ्याला. सिमेंटने बुजवलेल्या वायरीची तक्रार शोधायला भिंत फोडावी लागते; पट्टीचे झाकण नखाने उघडते.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी आजींना बोटांचा व्यायाम सांगितला होता. रबरी चेंडू दाबण्याचा त्यांना कंटाळा. त्यांनी दुकानातून सुती नाडीचे तुकडे मागवले, प्रत्येकी वीतभर कापले, एका टोकाला टिचबटणाचा वरचा भाग आणि दुसऱ्या टोकाजवळ दोन अंतरांवर खालचे भाग शिवले. मोडलेल्या हाताने टाका घालायला वेळ लागे. दिवसाला दोन पट्ट्या होत. टेबलाच्या चौकटीला या पट्ट्या बांधून वायरी त्यांत घेतल्या. बटण दाबले की बंद, ओढले की मोकळे. जिथे वारंवार काढघाल होते तिथे टेलरिंगच्या सामानाच्या दुकानातून हातभर वेल्क्रो आणली. तिचा जनक स्वित्झर्लंडचा जॉर्ज द मेस्ट्रल. १९४१ साली रानातून फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यांच्या आकड्यांची नक्कल केली. आपल्याकडे शेताच्या बांधावरून येणाऱ्या प्रत्येकाच्या धोतराला आघाड्याची फळे चिकटतच होती. आपण ती झटकून टाकली. असो. या पट्ट्यांचा सारा खर्च पावणेतीनशे रुपयांच्या आत.

वडिलांचाही हात लागला. कापडाच्या गाठींना जसे खुणेचे बिल्ले लावतात तसे त्यांनी लठ्ठ्याचे छोटे चौकोन कापून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना लावले आणि त्यांवर शाईने नाव घातले: पडदा, राउटर, दिवा. एका टोकाला लावून उपयोग नाही, हे चाळीस वर्षे गाठी उतरवणाऱ्या माणसालाच सुचते. वायर ओढताना हातात कोणते टोक येईल सांगता येत नाही.

या साऱ्यात गाठ हा शब्द घरात इतक्या वेळा उच्चारला गेला की एके संध्याकाळी जेवताना आजींनीच निर्ग्रंथ शब्द काढला. ज्याच्या गाठी सुटल्या तो निर्ग्रंथ. बौद्धांच्या पाली ग्रंथांत भगवान महावीरांचा उल्लेख निगंठ नातपुत्त असाच येतो. परक्यांनी दिलेली ओळखही गाठ नसण्याचीच. नातू हसून म्हणाला, “आजी, माझ्या टेबलाला एवढं मोठं नाव नका देऊ.” त्यावर आजीही हसल्या.

बिनकामाच्या सहा वायरी, मोडेम आणि प्रिंटर यांचे काय करायचे हा प्रश्न राहिला होता. पूर्वी अशा वस्तू भंगारवाल्याकडे जात आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या जात. त्या धुराची जबाबदारी मग कोणाची? पाचवी समिती टाकून देण्याविषयीचीच आहे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत केंद्राकडेच जावा अशी अपेक्षा आहे. पुण्याला गेलेल्या एका नातेवाइकाबरोबर ते खोके तशा केंद्राकडे पाठवले गेले. नको असलेली वस्तू घराबाहेर काढणे ती आणण्यापेक्षा किती अधिक खटपटीचे असते, हे त्या खोक्याने तीन आठवडे जिन्यात पडून दाखवले.

आता टेबलाला नऊ वायरी आहेत. जमिनीवर एकही नाही. सकाळी आजी पुंजणीने टेबलाखालची जागा हलकेच पुंजून घेतात. मुंगी असली तर तिला जायला वाट असते आणि ती दिसते. महिन्यातल्या पहिल्या रविवारी नातू झाकण उघडून प्रत्येक वायर बोटांतून फिरवतो, कुठे कडक झाली आहे का, कुठे तापली आहे का, ते पाहतो. घरात त्याला टेबलाचे पडिलेहण म्हणतात, थोडे थट्टेने. दहावी वायर आणायची झाली तर नवांतील एक काढायची, असे परिमाण त्याने स्वतःशी ठरवले आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याला एक छोटा टेबल-पंखा घ्यावासा वाटला. दोन दिवस त्याने यादीकडे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी दिवा कोनाड्यात ठेवून पंखा लावला. परिमाण मोडले नाही, पण दिव्याची सवय मोडायला जड गेले, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले.

कंपनीकडून मात्र पत्र आले आहे. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात उपस्थिती सक्तीची. त्याने सवलतीसाठी अर्ज केला. उत्तर अजून नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वे सुटली तेव्हा वडील मुद्दाम स्टेशनवर पाहायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी गाडीच्या वेळा एका चिठ्ठीवर लिहून काढल्या आणि ती चिठ्ठी नातवाच्या टेबलावर, बिल्ले लावलेल्या वायरींच्या शेजारी ठेवली. कोणी त्या चिठ्ठीविषयी बोलले नाही. नातवाने ती काढूनही टाकली नाही.

पहाटे साडेचारला सामायिकाच्या खोलीचे दार उघडते. दिवा लागत नाही. आजींचा उजवा हात दाराच्या चौकटीवरून भिंतीवर येतो आणि कमरेच्या उंचीवरची पट्टी त्याला सापडते. भार देण्याइतकी ती मजबूत नाही आणि आजी भार देतही नाहीत. बोटे फक्त तिच्या कडेवरून सरकत जातात. जिथे पट्टी टेबलाकडे वळते तिथे हात थांबतो. तिथून आसन दोन पावलांवर आहे.